हक्क छपराचा की कुटुंबाचा?

छतावरच्या सौर विजेला आवर घाला, असे म्हणणारे आता गरिबांच्या नावाने बोलू लागले आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पॅनेल बसवतो तो बंगलेवाला; त्याचे बिल मोठे असते आणि दीड-दोन लाख रुपये आधी घालण्याची त्याची ऐपत असते. नेट मीटरिंगमुळे दिवसा तारेवर सोडलेले प्रत्येक युनिट तो रात्री घेतलेल्या युनिटांतून वजा करतो आणि त्याचे बिल नाममात्र उरते. पण खांब, तारा, डीपी, उपकेंद्रे आणि लाइनमनचे पगार यांचा खर्च त्यामुळे कमी होत नाही. तो बाकीच्या ग्राहकांवर, म्हणजे चाळीतल्या, वस्तीतल्या, भाड्याच्या खोलीतल्या माणसावर पडतो. तेव्हा नेट मीटरिंग आखडते घ्या, सौर ग्राहकांवर वेगळा आकार बसवा, दिवसाची वीज दिवसाच्याच वापरातून वजा करा. हा युक्तिवाद सपशेल खोटा असता तर तो खोडणे सोपे होते. त्यातले निदान बऱ्याच अंशी खरे आहे. पण त्यावर सुचवलेला उपाय ज्यांच्या नावाने मागितला जातो त्यांच्याच मुळावर येणारा आहे, आणि माझा वाद त्या उपायाशी आहे.

निदानात खरे काय, ते आधी मान्य करू. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर वापराबरोबर चढतो. शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. सर्वांत वरच्या टप्प्यातले युनिट सर्वांत खालच्या टप्प्यातल्या युनिटाच्या दुपटीहून महाग पडते. या चढत्या दरातला काही भाग खालच्या टप्प्यांना आणि शेतीपंपांना स्वस्त वीज देण्यासाठी वापरला जातो. क्रॉस सबसिडी म्हणतात ती हीच. वरच्या टप्प्यातला ग्राहक सौर झाला की वीज कंपनीची वीजखरेदी थोडी वाचते, पण तिचा महसूल त्याहून जास्त बुडतो. हे गणित नाकारण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियात सेव्हेरिन बोरेनस्टाइन यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ बरीच वर्षे हेच मांडत आले आहेत, आणि तिथे सौर घरांचे प्रमाण इतके वाढले आहे की त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. मात्र प्रश्न प्रमाणाचा आहे. अमेरिकेच्याच लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१७ साली हा हिशेब केला, तेव्हा बहुतेक राज्यांत छतावरच्या सौर विजेचा इतरांच्या दरावर होणारा परिणाम नगण्य निघाला. जिथे हजारांतली मोजकी घरे सौर झाली आहेत तिथे दरवाढीचे खापर त्यांच्यावर फोडणे म्हणजे गळती, थकबाकी आणि महागडे वीजखरेदी करार यांच्याकडे पाहायचे टाळणे आहे. शिवाय सौर ग्राहकाचा स्थिर आकार काही माफ होत नाही; बिलातली युनिटे शून्यावर आली तरी तो दर महिन्याला भरावाच लागतो.

या प्रश्नावर महाराष्ट्रात विचार झालाच नाही असेही नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९च्या छतावरील अक्षय ऊर्जा विनियमांचा मसुदा आला, तेव्हा महिना तीनशे युनिटांपुरतेच नेट मीटरिंग ठेवण्याचा प्रस्ताव त्यात होता. त्याला जोरदार विरोध झाला आणि अंतिम विनियमांत तो राहिला नाही. त्याऐवजी जी तरतूद आली तिच्याकडे आजच्या वादात फारसे कोणी पाहत नाही. राज्यातली छतावरची एकूण क्षमता ठरावीक पातळी गाठेपर्यंत ग्रिड सपोर्ट आकार लावायचा नाही, आणि त्यानंतरही ज्यांचा मंजूर भार दहा किलोवॉटपर्यंत आहे त्यांना त्यातून वगळायचे. म्हणजे लहान ग्राहकाला जपावे आणि मोठ्याने वेळ आल्यावर जाळ्याचा खर्च उचलावा, हे तत्त्व नियमांत आधीपासून आहे. ज्यांना बंगल्यांची, कारखान्यांची, मॉलची वजावट खुपते त्यांनी हे तत्त्व नेटाने राबवण्याचा आग्रह धरावा. त्यासाठी सौर विजेचा दरवाजाच लावून घेण्याची गरज नाही.

खरा अन्याय दारातच होतो, आणि तो नियमांच्या मोजमापातून येतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना जाहीर केली. एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची ही योजना. तिच्या पात्रतेची एक अट अशी की पॅनेल बसवण्याजोगे छप्पर असलेले घर अर्जदाराच्या मालकीचे हवे. या एका अटीने भाडेकरू बाद झाला, पागडीच्या खोलीतला बाद झाला, ज्याच्या वस्तीला अजून कागद नाहीत तो बाद झाला. पैसा मात्र सगळ्यांच्या करातून येतो. आता अनुदानाचे आकडे पाहा. स्वतंत्र घराला तीन किलोवॉटसाठी ७८ हजार रुपये मिळतात, म्हणजे किलोवॉटमागे २६ हजार. गृहनिर्माण संस्थेला सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८ हजार. त्याच फेब्रुवारी महिन्यात वीज ग्राहक हक्क नियमांत केंद्राने दुरुस्ती केली. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीतून सूट मिळाली, आणि पाच किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी वितरण जाळे बळकट करावे लागले तर तो खर्च वीज कंपनीने स्वतः करायचा असे ठरले. दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत. लहान ग्राहकाची पायपीट त्यांनी वाचवली. पण त्या कोणाला लागू होतात ते बघा. पाच-पाच किलोवॉटचे आठ बंगले मिळून चाळीस किलोवॉट बसवतात, त्यांना तपासणी नाही आणि जाळे सुधारण्याचा खर्चही नाही. हेच चाळीस किलोवॉट साठ कुटुंबांच्या एका सोसायटीने बसवायचे ठरवले तर तो एकच मोठा अर्ज ठरतो. त्याची तपासणी होते, आणि जाळे सुधारायची वेळ आली तर पाच किलोवॉटच्या सवलतीचा तिला काही उपयोग नाही. सोसायटीत प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला पाऊण किलोवॉटसुद्धा येत नाही, तरी नियमाच्या लेखी मोठा ग्राहक तीच. सगळा घोळ इथे आहे. नियम छप्पर मोजतो, छपराखालची माणसे मोजत नाही.

शहरात हा फरक किती पडतो ते साध्या गणिताने कळते. एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. सात मजली, अठ्ठावीस सदनिकांच्या इमारतीची गच्ची तीन हजार चौरस फुटांची धरली, तर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, जिन्याच्या वरची खोली आणि ये-जा यांत निम्मी जागा जाते. उरलेल्या जागेत पंधरा किलोवॉट बसतात. किलोवॉटमागे दिवसाला चार युनिटे धरली तर महिन्याला अठराशे, म्हणजे घरटी साठ-पासष्ट युनिटे. ज्या कुटुंबाचा वापर सव्वाशे युनिटांचा आहे, त्याचे निम्मे बिल यातून भागते आणि ते वरच्या टप्प्यातून खालच्या टप्प्यात येते. पण आज ही वीज बहुतेक ठिकाणी फक्त सामाईक मीटरला जोडली जाते. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालतात, सोसायटीचा देखभाल खर्च थोडा उतरतो, आणि भाडेकरूला त्याचा पत्ताही लागत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत तर लिफ्टचे बिल हा घरोघरच्या भांडणाचा विषय असतो, म्हणून सामाईक मीटरची बचतही मी कमी लेखत नाही. तरी ती बचत म्हणजे घरातल्या बिलातला हक्क नव्हे.

दुसरा अन्याय डीपीवर, म्हणजे वितरण रोहित्रावर, होतो. महाराष्ट्राच्या २०१९च्या विनियमांत एका वितरण रोहित्रावरच्या सगळ्या सौर संचांची बेरीज रोहित्राच्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्याआधी ही मर्यादा चाळीस टक्के होती. दोनशे केव्हीएचा डीपी धरला तर ढोबळमानाने एकशेचाळीस किलोवॉटला जागा. दहा-दहा किलोवॉटचे चौदा बंगले आले की ती संपली. पंधराव्या अर्जदाराचे काय, हा प्रश्न कागदावर तांत्रिक दिसतो, पण तो वाटपाचा प्रश्न आहे. डीपी सर्वांच्या पैशांतून उभा राहिला, त्याची देखभाल सर्वांच्या बिलांतून होते, आणि त्यावरची जागा मात्र एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याला मिळते. ज्याच्याकडे पैसे तयार होते, छप्पर नावावर होते आणि अर्ज भरून देणारा ठेकेदार ओळखीचा होता, तो आधी पोचला. वस्तीतली कुटुंबे ज्या वर्षी कर्ज आणि कागद जमवून येतील, त्या वर्षी त्यांना ‘क्षमता शिल्लक नाही’ असे कळेल. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे असते, म्हणजे आज अडलेली जागा पाव शतक अडलेली राहणार.

नेट मीटरिंग आखडते घेण्याचा उपाय नेमका इथे उलटतो, आणि याचा दाखला कॅलिफोर्नियातच आहे. तिथे एप्रिल २०२३ पासून नव्या सौर ग्राहकांना बाहेर सोडलेल्या विजेचा मोबदला खूप कमी केला गेला. जे आधीच आत होते त्यांना मात्र जुन्याच अटी वीस वर्षांसाठी कायम राहिल्या. नव्या संचांची मागणी धाडकन कोसळली. म्हणजे ज्या सधन घरांमुळे भार पडतो अशी तक्रार होती ती घरे सुरक्षित राहिली, आणि पॅनेल स्वस्त झाल्यावर ज्यांना ते परवडू लागले असते त्यांच्यासाठी वाट अरुंद झाली. ज्यांना स्वतःचे छप्पर नाही त्यांच्यासाठी सामुदायिक सौर प्रकल्पांचा एक प्रस्ताव होता, तोही तिथल्या आयोगाने २०२४ मध्ये नाकारला. गरिबांच्या नावाने सुरू झालेली दुरुस्ती अशी गरिबांच्या हाती काहीच न देता संपली. जे करार झाले ते सरकार मागे घेणार नाही, आणि घेऊही नये; लोकांनी त्या भरवशावर कर्जे काढलेली असतात. पण म्हणूनच प्रत्येक कपात ही उशिरा येणाऱ्यावरची कपात ठरते, आणि आपल्याकडे उशिरा येणारा कोण असतो हे वेगळे सांगायला नको.

मग करावे काय? मोजमाप कुटुंबाचे करावे. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ साली समूह आणि आभासी नेट मीटरिंगची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आभासी नेट मीटरिंगमध्ये सौर संच एका जागी असतो आणि त्याची वीज ठरलेल्या वाट्याने अनेक ग्राहकांच्या बिलांतून वजा होते. वीज नेहमीच्याच तारांतून जाते. बदलतो तो हिशेब. ही सोय घरगुती ग्राहकाला सहज आणि कमी खर्चात मिळाली तर अठ्ठावीस सदनिकांच्या गच्चीवरची साठ-साठ युनिटे घराघरांत पोचतात. भाडेकरू घर बदलेल तेव्हा वाटा नव्या मीटरवर नेता येतो. चाळीस मजली टॉवरच्या गच्चीवर सगळ्यांपुरती वीज होणार नाही हे उघड आहे, आणि पत्र्याच्या छपरावर पॅनेलचे वजन पेलेलच असेही नाही. त्यांच्यासाठी महापालिकेच्या शाळा, एसटीची आगारे, बाजार समित्यांच्या शेड, जलशुद्धीकरण केंद्रे ही छपरे आहेत. त्या छपरांवरच्या विजेतला ठरावीक वाटा त्याच फीडरवरच्या कमी वापराच्या कुटुंबांसाठी राखून ठेवावा. पाच किलोवॉटची जाळेसुधारणेची सवलत संचामागे न देता कुटुंबामागे द्यावी, म्हणजे साठ कुटुंबांच्या सोसायटीला चाळीस किलोवॉटचा भुर्दंड पडणार नाही. आणि डीपीवरच्या क्षमतेचा एक हिस्सा सामाईक व लहान अर्जांसाठी राखीव ठेवून कोणत्या डीपीवर किती जागा उरली आहे ते वीजबिलावरच छापावे. ग्राहक क्रमांकाशी डीपी जोडलेला असतोच. महिना शंभर युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांच्या छतासाठी राज्याने २०२५ मध्ये जादा अनुदानाची स्मार्ट योजना आणली, हे योग्य पाऊल आहे. पण तीही छपरापाशीच थांबते. ज्याला छप्पर नाही त्याच्यासाठी तिच्यात जागा नाही.

यावर पहिला आक्षेप अभियंत्यांचा असतो आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो. लघुदाब वाहिनी वीज एका दिशेने नेण्यासाठी बांधलेली असते. दुपारी सगळी घरे रिकामी आणि सगळी पॅनेले जोरात, अशा वेळी वाहिनीच्या टोकाला व्होल्टेज वाढते, इन्व्हर्टर बंद पडतात, शेजाऱ्याच्या उपकरणांना धोका होतो. हे सगळे खरे आहे. पण यावरचे तांत्रिक उत्तर ‘आता कोणी येऊ नका’ हे नाही. दक्षिण ऑस्ट्रेलिया हा छतावरची सौर वीज जगात सर्वाधिक दाट असलेल्या प्रदेशांपैकी एक आहे. तिथल्या वितरण कंपनीने ग्राहकाला दोन पर्याय दिले: कायमची दीड किलोवॉट निर्यातमर्यादा, किंवा जाळ्यात जागा असेल तेव्हा दहा किलोवॉटपर्यंत आणि गर्दी असेल तेव्हा दीडपर्यंत उतरणारी लवचीक मर्यादा. इन्व्हर्टर ती मर्यादा स्वतःच पाळतो. ऑस्ट्रेलियाच्या वीजबाजार आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम बदलून वीज बाहेर सोडणे ही जाळ्याची एक सेवा मानली आणि सरसकट शून्य निर्यातीची अट घालायला कंपन्यांना मनाई केली. त्या बदलाची मागणी करणाऱ्यांत वीज कंपनीबरोबर गरीब कुटुंबांसाठी काम करणारी धर्मादाय संस्थाही होती, हे आपल्याकडच्या वादात लक्षात ठेवण्यासारखे आहे. उशिरा आलेल्यालाही थोडी जागा मिळावी म्हणून आधी आलेल्याने गर्दीच्या वेळी थोडे सरकावे, एवढाच त्याचा अर्थ. आणि काही डीपी भरत असले, तरी तिथल्याएवढी दाटी आपल्याकडे अजून फार दूरची आहे. जागा सर्वांत वाटून घेता येते, हे मात्र आपल्याकडेही दिसले आहे. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम झाली. शंभरेक घरांची ती सगळी वाडी सौर विजेवर आली, कारण तिथे लहान-लहान संच सर्वांच्या वाट्याला आले. दोन-चार घरांवर मोठे आणि बाकीची कोरी, असे झाले नाही.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. उघड्या माळावरचा मोठा सौर प्रकल्प छतापेक्षा स्वस्त वीज देतो. मग छतावर एवढा खर्च कशाला? राज्य स्वतः मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सोळा हजार मेगावॉटचे प्रकल्प उभारते आहे, त्यातून शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल आणि क्रॉस सबसिडीचा बोजाही उतरेल. या योजनेचा मी पुरस्कारच करतो. रात्री साप-विंचवाच्या भीतीने पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाची वीज हा हक्क आहे. पण ती योजना आणि छत यांत निवड करायची आहे हे गृहीतक चुकीचे आहे. माळावरची वीज शहरातल्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तिच्यावर वहनाचा खर्च आणि गळती चढते. छतावरची वीज त्याच गल्लीत वापरली जाते आणि तिच्यासाठी जमीन घ्यावी लागत नाही. शिवाय दुपारी सौर वीज जास्त होते ही तक्रार खरी मानली, तर सोळा हजार मेगावॉट बांधणाऱ्या व्यवस्थेने तिचे कारण घरगुती छतांत शोधू नये.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. दुपारचे युनिट आणि संध्याकाळी सातचे युनिट यांची किंमत सारखी नसते, आणि नेट मीटरिंग ती सारखी धरते. २०२५च्या बहुवार्षिक वीजदराच्या वेळी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या सौर तासांवरून महाराष्ट्रात जो वाद पेटला त्याच्या मुळाशी हेच होते. मोठ्या आणि व्यावसायिक सौर ग्राहकांचा हिशेब हळूहळू वेळेनुसार व्हावा हे मला मान्य आहे. पण घरगुती लहान ग्राहकाला त्यात ओढण्याआधी स्वस्त दुपारचा फायदा सर्वांना मिळतो का, ते बघावे लागेल. महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैशांपासून सवलत जाहीर केली, ही सुरुवात आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये याहून पुढचे पाऊल जाहीर केले: काही राज्यांत जुलै २०२६ पासून दिवसाला तीन तास मोफत वीज, आणि त्यासाठी घरावर पॅनेल असण्याची अट नाही. भाडेकरूला सूर्याचा वाटा देण्याचा हाही एक रस्ता आहे. दुपारची वीज जास्त होते म्हणून सौर ग्राहकाची वजावट कापायची आणि तीच जास्तीची वीज बिनसौर ग्राहकाला पूर्ण दराने विकायची, हे मात्र कोणत्याही न्यायात बसत नाही.

राहिला प्रशासनाचा आक्षेप: सोसायट्यांत वाद होतील, वाटे बदलत राहतील, हिशेब गुंतागुंतीचा होईल. महाराष्ट्राला हे कोणी सांगू नये. या राज्यातल्या दूध संघांनी पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या रोज, सभासदागणिक, फॅटच्या पॉइंटसह हिशेब ठेवले आहेत. महिन्यातून एकदा, मीटरने आपोआप मोजलेली युनिटे ठरलेल्या टक्क्यांनी साठ बिलांत विभागणे त्याहून अवघड नाही. वाद होतील, कारण गच्चीचे वाद आजही होतात. पण वरच्या मजल्यावरचा सदस्य गच्ची आपलीच समजतो आणि तळमजल्याचा तिच्याकडे पाहतही नाही, ही आजची स्थिती वाटे लेखी ठरल्याने सुधारेलच. सर्वसाधारण सभेच्या ठरावाचा नमुना, वाट्यांच्या नोंदीचा नमुना आणि तक्रार झाल्यास ती निकाली काढण्याची मुदत एवढे आयोगाने ठरवून द्यावे. आणि व्यवहार्यतेचा अहवाल पंधरा दिवसांत न आल्यास अर्ज मंजूर धरला जातो, हा २०२४चा केंद्रीय नियम सोसायटीच्या आणि वस्तीच्या सामाईक अर्जालाही तितक्याच कडकपणे लागू करावा. डीपी आजही भरत आहेत, आणि हे नियम जितके लांबतील तितकी त्यांवरची जागा छपराच्या मालकांकडे जाईल.